ठिपकीची हकीकत

शेळगी, सोलापूर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आमची ठिपकी कोंबडी जिवंत आहे. हे आधी लिहिते, नाहीतर आई पुढचं ऐकणारच नाही. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आईने "मानमोडीच ती, बाकीच्या विकून टाक" एवढंच धरून ठेवलंय, म्हणून सगळं कागदावर उतरवते.

मानमोडी नव्हती. त्या रोगात मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट पातळ शीट होते आणि एकीमागून एक कोंबडी जाते. इथे बाकीच्या सगळ्या माती उकरत मजेत होत्या. ही एकटीच लिंबाखाली चोच उघडी टाकून, शेपूट खाली सोडून, छाती वर काढून उभी. सकाळी धडधाकट होती. जोंधळा टाकला तर ढुंकून बघेना, तुरा फिका पडलेला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसायची असेल. पण खुडूक कोंबडी हात नेला की फुगून चोच मारते. हिला उचललं तरी हूं नाही की चूं नाही. मधूनच कुंथायची. पोटाखाली मागच्या बाजूला हाताला गोळा लागला. अंडं अडकलं होतं.

बाबा, तुमची तापाची गोळी विरघळवून पाजा, हा निरोप मिळाला. पाजली नाही. माणसाची गोळी तिला नको, आणि कोंबडीचं अंग निरोगी असतानाही 41 अंशांच्या वरच असतं, ते हाताला गरम लागणारच. पाणीही बळंच पाजू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, तिथून पाणी आत गेलं की संपलं. वाटी समोर ठेवायची, तिची ती पिते.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पहिली ताकीद दिली ती दाबायचं नाही याची. अंडं आत फुटलं तर पोटात पू होतो. ऊन उतरल्यावर टबात बाळाच्या आंघोळीइतकं कोमट पाणी घेतलं, पोट बुडेल एवढंच, आणि वीसेक मिनिटं तिला धरून बसले. अक्का बघून हसल्या, "या उन्हाळ्यात गरम पाणी!" पण आतले स्नायू सैल पडायला ऊबच लागते. मग टॉवेलने टिपून मागच्या जागेला खोबरेल लावलं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं कॅल्शियम दिलं आणि अंधाऱ्या खोलीत डालग्याखाली ठेवली. आमच्या ह्यांना सारखं डालगं उचलून बघायचं होतं, त्यांना खोलीतून बाहेर काढणं हेच त्या रात्रीचं मोठं काम.

पहाटे अंडं पडलं होतं. कवचच नाही, नुसती कातडी, हातात घेतलं तर लिबलिबीत. कवचाचं अंडं घसरत बाहेर येतं. असलं मऊ अंडं आतल्या स्नायूंच्या पकडीत येत नाही, म्हणून कोंबडीला ते ढकलायला जड जातं.

आई, दृष्ट वगैरे काही नाही, हा आपल्या सोलापूरच्या उन्हाचा प्रताप. पारा 43 ला टेकला होता. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग निववते. धापेबरोबर कर्बवायू भसाभसा बाहेर जातो, आणि कवच तर चुनखडीचंच, त्याला तो लागतो. त्यात उन्हाने खाणं कमी, म्हणजे पोटात कॅल्शियमही कमी. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक नुसते कवचाचे, आणि ते काम बरंचसं रात्री चालतं. म्हणून कॅल्शियम संध्याकाळी द्यायचं.

दादा म्हणाला, मरायच्या आत कापून खा. कशाने आजारी आहे ते कळलेलं नसताना पक्षी पोटात घालायचा? मला नाही पटत, आणि औषध चालू असताना तर मुळीच नाही. तुमच्याकडे पटापट दोन-चार मेल्या तर खाऊ नका, उकिरड्यावर फेकू नका, 1962 ला फोन करा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. आणि नवी पिल्लं निघाली की पहिल्या आठवड्यात लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात घालून घ्याच. मानमोडी आल्यावर त्यावर औषध नाही.

शिंपल्याचा चुरा पाठवतेय. जोंधळ्यात मिसळू नकोस आई, वेगळ्या वाटीत ठेव, अंड्यावरची असेल ती आपणहून खाईल. पिल्लांना मात्र नाही, त्यांच्या मूत्रपिंडाला तो सोसत नाही. बाबा, खुराड्यावरचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, त्यावर कडबा टाकून दिवसातून दोनदा पाणी मारा. पाण्याचं भांडं मातीचं ठेवा आणि दुपारी एकदा बदला. पण हे सगळं डोक्याला टॉवेल बांधून. चुरा संपत आला की आठ दिवस आधी सांगा.

तुमची लेक