ट्रंकेतली तीन पुस्तकं

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री साडेदहा

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझी आई आत्ताच झोपली. तू म्हणालास तसं तिला काही सांगितलेलं नाही. या पत्रात मीही त्या गाठीचा विषय काढणार नाही. तू पुस्तकांचं विचारलंस, तेवढंच लिहितो.

खरं तर फोनवरच सांगणार होतो. "अप्पा, शनिवारी आमच्या वाचनकट्ट्यावर वीरांच्या अद्भुत कादंबऱ्यांवर बोलायचंय, पाच नावं द्या," म्हणालास. त्याच दमात, बसची वेळ सांगावी तसं, "मानेत गाठ आलीय, शुक्रवारी सुई घालून तपासायला घेतलंय, बुधवारी रिपोर्ट." आणि लगेच परत पुस्तकं. तू ठेवलास तरी माझ्या कानाला फोन तसाच होता. आई विचारायला लागली, कुणाशी बोलताय?

असो. पाच नावांची यादी करू नकोस. एकतीस वर्षं शाळेच्या पुस्तकपेटीची किल्ली माझ्या कमरेला होती, त्यावरून सांगतो, पुस्तक माणूस बघून द्यायचं असतं. तुझ्या कट्ट्यावरची पोरं खानापूर, निपाणी, चंदगडकडची, इंग्रजीला बिचकणारी. त्यांना पहिल्याच दिवशी ती चौदा खंडांची 'व्हील ऑफ टाइम' सांगितलीस तर पुन्हा फिरकायची नाहीत. शिवाय तिचा लेखक रॉबर्ट जॉर्डन, मालिका पुरी व्हायच्या आतच, २००७ साली आजारानं... ते राहू दे. दुसऱ्यानं त्याच्या टिपणांवरून पुरी केली, शेवटचा खंड २०१३ साली आला. नवख्याला नको, एवढंच म्हणायचं होतं.

सुरुवात घरातून कर. विक्रम-वेताळ सांग. हसतील, हसू देत. आमच्या मागाच्या खोलीत मी कांड्या भरायला बसायचो तेव्हा मांडीवर 'चांदोबा' उघडा असायचा. एका हातात चरख्याचा दांडा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सूत. पान उलटायला हात कुठला? ते काम अक्काचं, आणि ती मुद्दाम उशीर करायची. चित्रात राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, आणि त्या तलवारीचा तिथं काडीचा उपयोग नाही. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं, बोलला तर वेताळ परत झाडावर. मी त्यात इतका गुंगायचो की सूत तुटायचं, आणि तुझे आजोबा माग न थांबवता खडखडाटातून ओरडायचे, "राजा मेला का रे?"

फोनवर तूही परवा त्या राजासारखाच बोलत होतास. किती मोठी आहे, दुखते का, ताप येतो का, एकाचंही सरळ उत्तर नाही.

खानापूरच्या पोरांना 'मोचनगड' सांग. ती १८७१ सालची. लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर आपल्या जांबोटीचे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं, वाचलेली कुणी नसते. तो गड नकाशात शोधू नका म्हणावं, गुंजीकरांनी तो मनानं बांधला. मला याचं फार अप्रूप वाटतं. जांबोटीच्या जंगलातून आलेला माणूस, भोवती भीमगड, राजहंसगड असे खरे गड असताना स्वतःचा एक वेगळाच गड उभा करतो. नाथमाधवांची 'वीरधवल' मात्र जपून दे. भाषा जुनी आहे. त्यातलं गूढ आवडणाराला आवडेल, बाकीच्यांना जड जाईल. नाथमाधव शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले आणि त्यानंतर लिहायला लागले.

हे बघ, परत तिकडंच आलो. कोणत्याही लेखकाला हात लावला की आजारपणच निघतंय.

आता तुझी इंग्रजी पुस्तकं. आधी एक कबुली. सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या वर्षी तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकात दडवलेली कादंबरी सापडली आणि मी सगळी पुस्तकं ट्रंकेत घालून कुलूप लावलं. "राक्षस मारून सीईटीला रँक मिळत नाही" असंही बोललो. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस आणि मी ते तुझ्या उद्धटपणात धरलं. तू बेंगळूरला गेलास त्या पावसाळ्यात, ट्रंकेत पाणी गेलं का बघायला म्हणून कुलूप काढलं. डांबरगोळ्यांचा वास इतका की डोळ्यांत पाणी आलं. एक पुस्तक वाळवायला म्हणून उघडलं आणि दिवे लागेपर्यंत तिथंच बसलो. आई म्हणाली, पोराला ओरडत होतात ते काय वाईट होतं? मला उत्तर सुचलं नाही.

ते पहिलं पुस्तक अर्सुला ले ग्विन बाईंचं, अर्थसी बेटांवरच्या जादूगाराचं, १९६८ सालचं. बिचकणाऱ्या पोरांना हेच दे. बारीक आहे, आठवड्यात होतं. गेड नावाचा गरीब गावातला पोरगा, अंगात भलतीच ताकद आणि तेवढीच घमेंड. शाळेत दुसऱ्याला खिजवायच्या नादात एक काळी सावली सोडवून बसतो आणि मग तिच्यापासून पळत राहतो. तुम्हा पोरांचं लक्ष गेडवर असतं, माझं त्याच्या पहिल्या गुरूवर, ओगियनवर. हा एवढा मोठा जादूगार, पाऊस आला तर पाऊस हटवत नाही, झाडाखाली गुपचूप भिजतो. पोराला कंटाळा येतो, मोठ्या शाळेत जायचं म्हणतो, तर हा जाऊ देतो. मी तुला पुण्याला जा म्हणून किती मागं लागलो होतो, आठवतंय ना. पुढं सावलीनं पिटाळलेला गेड परत त्याच्याच दारात येतो. ओगियन त्याला लपायला जागा देत नाही. वळ म्हणतो, तूच तिच्या मागं लाग.

मला हे सांगता आलं नसतं. मी म्हटलं असतं, दार लाव आणि घरातच थांब.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल मी काय सांगणार, सिनेमामुळं सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढं सांग की सिनेमा पाहिलेल्यांनीही वाचावं, कारण फ्रोडोची जखम दरवर्षी त्याच तारखेला दुखते हे पुस्तकात नीट कळतं. आणि सॅम माळी आहे हे विसरू नका म्हणावं. आपल्याकडं कादंबरीत माळी आला की तो विनोदी असतो, इथं त्याच्याशिवाय पान हलत नाही.

तिसरं पुस्तक डेव्हिड गेमेलचं 'लेजंड', १९८४ सालचं. यात साठीचा म्हातारा ड्रस कुऱ्हाड घेऊन एका किल्ल्याच्या राखणीला जातो. त्याचा गुडघा सुजलेला असतो, पायऱ्या चढताना कळ येते, पण पोरांसमोर दाखवत नाही. माझ्या गुडघ्यांवर हसणाऱ्या तुला हे पुस्तक आवडलं होतं म्हणजे कमाल आहे. किल्ल्याला एकामागं एक सहा तट, आणि तू समासात पेन्सिलनं त्यांच्या नावांचे मराठी अर्थ लिहून ठेवलेत: उल्हास, निराशा, नवी आशा, हताशा, शांती. सहावंही लिहिलं होतंस. ते मी परवा रात्री खोडरबरानं पुसलं. वळ राहिलाच.

गेमेलनं पहिला खर्डा १९७६ साली लिहिला, कर्करोगाची शंका होती तेव्हा. किल्ला म्हणजे त्याचं शरीर, वेढा घालणारे म्हणजे रोग. पडेल की टिकेल हे त्यानं स्वतःही ठरवलं नव्हतं. आणि निदान चुकीचं ठरलं. हे तुझ्या पोरांना सांग. निदान चुकीचं ठरलं.

नको, हे सांगू नकोस. तुला उगाच वाटेल की अप्पांनी मुद्दाम लिहिलं.

तू तिसरीत असताना आपण येळ्ळूरच्या गडावर गेलो होतो. मोडक्या मागाच्या पट्टीची तलवार करून तू तटावरून उडी मारलीस आणि हनुवटीखाली तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसा पडलास? "पडलो नाही, लढताना लागलं," म्हणालास. माझ्या सदऱ्यावरचं रक्त आईनं राखेनं धुतलं तरी डाग गेला नाही. गाठ त्या टाक्यांच्या बाजूला आहे की पलीकडं, एवढं तरी सांगायचं होतंस.

बुधवारी एकटा जाऊ नकोस. डॉक्टर बोलतील ते वहीत लिहून घे, मोबाईलवर नाही. रात्री दोन-दोनपर्यंत जागणं, सकाळी नुसत्या चहावर निघणं, या सवयींनी... झाली मास्तरकी सुरू. माफ कर. चाळीस मुलांचा वर्ग समोर असायचा, तोच आवाज निघतो.

एक लिहायचं राहिलं. बेंगळूरमध्ये तू चारचौघांत उभा राहून मराठी पुस्तकांवर बोलणार हे मी वाचनालयात तिघांना सांगितलंय. कन्नडमधून विचारलं तर कन्नडमधून उत्तर दे, तुझी कन्नड माझ्यापेक्षा चांगली आहे.

उद्या रात्रीच्या बसनं पुडकं पाठवतोय. त्यात ले ग्विन, रिंग्जचा पहिला भाग, अर्धा किलो कुंदा आणि आईनं दिलेली मेतकुटाची बरणी आहे. बरणी उभी धर, झाकण सैल आहे. 'लेजंड' ठेवून घेतलंय. ते न्यायला तू ये. बुधवारी रिपोर्ट हातात आला की किती का वाजेना, फोन कर, मी जागाच असेन. आई उचलेल म्हणून घरच्या फोनवर नको, माझ्या मोबाईलवर कर.

तुझा
अप्पा