सुईदोऱ्यातून आलेला माणूस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, शिंप्याच्या पोराला कोण मत देणार?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज काजं करताना अँड्र्यू जॉन्सन आठवला. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण मला जवळचा वाटतो तो त्याआधीचा शिंपी.

वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. शाळेचं तोंडही न पाहता शिंप्याच्या हाताखाली गेला. तिथे कुणी ना कुणी येऊन भाषणांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. मान खाली, टाके चालू आणि कान तिकडे. १८२४ मध्ये तो पळाला, तर मालकाने इनामाची जाहिरात दिली! पुढे टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिलला त्याने स्वतःचं दुकान थाटलं. लिहिणं आणि हिशेब बायकोने, एलायझाने शिकवले. शिवायला आलेली माणसं तिथेच गावच्या प्रश्नांवर वाद घालत बसायची. बाळा, त्याची खरी शाळा हीच. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आपण टेप धरतो, आणि माणूस मनातलं बोलून जातो. हे तूही लहानपणापासून पाहिलंयस.

१८२९ मध्ये नगरसेवक, १८३४ मध्ये नगराध्यक्ष, १८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात. १८३७ ला पडला, दोन वर्षांनी परत निवडून आला. १८५३ मध्ये राज्याचा गव्हर्नर झाला आणि शाळांसाठी कर लावणारा कायदा त्याच्याच काळात झाला. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, यानं माझे डोळे भरून येतात.

पण एक गोष्ट मला सलते, ती लपवत नाही. त्याने गुलाम बाळगले. राष्ट्राध्यक्ष असताना, १८६६ मध्ये, काळ्या लोकांना नागरी हक्क देणारा कायदा त्याने नाकारला; काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो त्याच्यावर मात करून मंजूर केला. गरिबांसाठी भांडला, पण गोऱ्या गरिबांसाठीच. ज्याला स्वतःला मालकाच्या हाताखालून पळावं लागलं, त्याने हे करावं? मला ते अजून उलगडलेलं नाही. तू आलास की यावर बोलू.

अर्ज भरायच्या आधी घरी ये. तुझ्यासाठी सदरा बेतलाय, पण माप दोन वर्षांपूर्वीचं आहे. खांदे भरले असतील तर कळव, शिवण अजून कच्चीच ठेवलीय.

तुझा,
बाबा