वजनाची सुई घेताना ताटाकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा टोचायची औषधं आता बेळगाव, निपाणीतही घेतली जातात. भूक मरते, म्हणून अनेकजण चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. काटा खाली येतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आम्हा आहारतज्ज्ञांना काळजी वाटते ती याचीच.

मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. जोंधळ्याच्या एका भाकरीत जेमतेम ५ ग्रॅम मिळतात, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. म्हणून पानात आधी मटकीची उसळ, पिठलं, अंडी किंवा मासे संपवावेत, भाकरी-भात नंतर. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता १०-१२ वेळा उठबस करावी, तीन फेऱ्यांत.

औषधानं जठर सावकाश रिकामं होतं. त्यामुळे तळलेली भजी किंवा वाटीभर कुंदा खाल्ला की मळमळ ठरलेलीच. थोडं थोडं खावं, पोट भरल्यासारखं वाटताच थांबावं. पाणी, ताक दिवसभर घोट घोट घ्यावं. नाहीतर बद्धकोष्ठता होते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते, तेव्हा त्यांचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. पोटात जोराची कळ येऊन पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात, तर पुढची सुई न टोचता थेट दवाखाना गाठावा.

– एक आहारतज्ज्ञ, टिळकवाडी, बेळगाव