आमचो गडगो

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेची नऊ मुलं फिल्म बनवायला तुमच्या वेंगुर्ल्यातल्या फोटो स्टुडिओत तीन आठवडे ठाण मांडून होती. पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात, म्हणून चारचौघांत हे पत्र.

पहिल्या दिवशी तुम्ही भिंतीवर कॅनडातले अॅनिमेशनपटकार नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा १९५२चा ‘नेबर्स’ हा लघुपट लावलात. जेमतेम आठ मिनिटांचा. खरीखुरी माणसं, पण बाहुल्यांसारखी एकेक फ्रेम घेऊन हलवलेली. हद्दीवर एक फूल उगवतं, त्यावरून दोन शेजारी कुंपण घालतात, एकमेकांची घरं उद्ध्वस्त करतात, बायकामुलांनाही सोडत नाहीत. शेवटी दोघांच्या थडग्यांवर एकेक फूल. कोरियाच्या युद्धाने अस्वस्थ होऊन त्यांनी हा केला, हे तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, “हो तर आमचो गडगो!” गडगो म्हणजे हद्दीवरची दगडांची भिंत; त्याच्या घरचा हद्दीचा दावा आजोबांपासून चालू आहे.

मग काचेवर वाळू पसरून, खालून दिवा लावून मुलांनी स्वतःची फिल्म सुरू केली. सेकंदाला १२ फोटो, दीड मिनिटाला १,०८०. दमट हवेने वाळूचे गोळे व्हायचे. काकी ती कढईत भाजून पिठाच्या चाळणीने चाळून द्यायच्या. वाळू उडू नये म्हणून पंखा बंद, सगळे घामाघूम.

मुलांना फिल्ममध्ये बॉम्ब हवे होते. तुम्ही अडवलं नाहीत. वाळूत घर रेखाटून झालं तेव्हा फक्त विचारलंत, “ह्या घरात आता जेवूक कोण बसलाहा?” त्या गडग्यावाल्या मुलाने बोटाने ताट काढलं, भाताची मूद, शेजारी माशाचा काटा. पुढच्या फ्रेमला ते पुसायचं होतं. त्याचा हात काचेवरच थांबला. तुम्ही घाई केली नाहीत. बराच वेळ कॅमेऱ्याचं बटण कोणी दाबलं नाही.

आमच्या फिल्ममध्ये स्फोट नाही. घर पुसलं जातं, ताट तसंच राहतं. मी वीस वर्षं चित्रकला शिकवतेय, पण तो प्रश्न मला सुचला नसता. काका, मनापासून आभार.

दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात पडदा लावतोय. पहिल्या रांगेत तुम्ही आणि काकी. गडग्यापलीकडच्या घरी आमंत्रण द्यायला तो मुलगा स्वतः जाणार आहे.

तुमची,
चित्रकलेची बाई