मोठी डिस्क आणि न उघडणारे लिनक्स

महोदय,

म्हापसा, मडगावच्या दुकानांत जुन्या संगणकात ४ टीबीची हार्डडिस्क बसवून लिनक्स टाकले, की पुष्कळदा बूटलोडर (संगणक चालू होताच लिनक्स उघडणारा छोटा प्रोग्रॅम) बसतच नाही. डिस्क सदोष म्हणून ती परत करण्याची घाई नको.

डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवणाऱ्या जुन्या एमबीआर तक्त्याला ५१२ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) धरून २.२ टीबीपलीकडचे मोजताच येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कला जीपीटी ही नव्या तक्त्याची पद्धत लागते. एमबीआरमध्ये ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरचा, गाभा पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत बसे. जीपीटीत तिथे तक्ताच असतो. खरी गोम इथे आहे. बायोसवर (संगणक चालू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरवर) चालणाऱ्या यंत्रात ग्रबला १ एमबीचे वेगळे ‘बायोस बूट’ पार्टिशन द्यावे लागते. ते फॉरमॅट करायचे नाही, माउंटही (वापरासाठी जोडायचेही) नाही.

डिस्क भरलेली असली तरी ३४ ते २०४७ हे सेक्टर बहुधा रिकामे असतात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) जीडिस्क हे पार्टिशन करण्याचे साधन चालवावे, तज्ज्ञ मेनूत अलाइनमेंट (पार्टिशन किती सेक्टरच्या पटीत सुरू व्हावे तो आकडा) १ करावी आणि तेवढ्यात पार्टिशन करून प्रकार ईएफ०२ द्यावा. मग लिनक्सचे मूळ (रूट) पार्टिशन माउंट करून, डेव्ह, प्रोक, सिस ही यंत्रणेची फोल्डरे जोडून क्रूट करावे (त्या बसवलेल्या लिनक्सच्या आत शिरावे) आणि ग्रब-इन्स्टॉल संपूर्ण डिस्कवर, म्हणजे ‘एसडीए’वर चालवावे, ‘एसडीए१’ या पार्टिशनवर नव्हे. ही चूक हमखास होते. शेवटी बूटचा मेनू नव्याने तयार करणारे अपडेट-ग्रब.

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले नवे फर्मवेअर) असलेल्या यंत्राला मात्र फॅट३२चे ईएसपी, म्हणजे बूटलोडरसाठीचे पार्टिशन, हवे, आणि पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच सुरू केलेला हवा. अर्थात, आधी बॅकअप!

— एक वाचक, फोंडा