पडलेला बेहडा उचलणार नाही, पण राखणीला हात हवा आहे

गावातल्या सर्व घरांना आणि मुंबई, पुणे, गोव्यात असलेल्या चाकरमान्यांना देवराई समितीचा नमस्कार.

गेल्या आषाढात देवळामागचा बेहडा पडला. वारा असा नव्हताच. बुंधा आतून पोकळ झालेला, त्यात आठ दिवसांची झड. मुळाखालची माती सैल झाली आणि एका रात्री तो मुळासकट आडवा झाला. तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "लाकूड कधी उचलताय?" दोन व्यापारी दर सांगून गेले. बैठकीत ठरलं आहे, उचलायचं नाही.

याला कारण आमचीच जुनी चूक. मे २०२१ च्या तौक्ते वादळात राईच्या खालच्या अंगाची दोन झाडं पडली. मंडपाला पैसे हवे होते, म्हणून आम्ही जेसीबी घातला आणि ओंडके ओढून विकले. राईतली सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा म्हाताऱ्यांचा नियम तेव्हा हसण्यावारी नेला. आज तिथे जाऊन बघा. जमीन दाबून विटेसारखी झाली आहे, पुरुषभर रानमोडी, म्हणजे रान गिळणारं तण, माजली आहे आणि तिच्यातून गुरांची वाट पडली आहे. झाड एकही नाही.

आता बेहड्याची जागा बघा. सदाहरित रानात शंभरातलं एखाद-दुसरं झाड दरवर्षी जातंच, त्यात अशुभ काही नाही. ते पडलं की वरच्या छताला भोक पडतं आणि खाली ऊन उतरतं. रानजायफळाची, वाटंब्याची गुडघाभर रोपं तिथे चार-पाच पानांवर वर्षानुवर्षं सावलीत थांबून होती. यंदा त्यांना लालसर कोवळी पालवी आली आहे. मातीत पडून राहिलेल्या बियांतून चांदाडा उठला, तो आताच माणसाच्या उंचीचा आहे. चांदाड्याचं लाकूड ठिसूळ, आयुष्यही थोडं, म्हणून कोणी त्याला तोडू नये. त्याच्या सावलीत रानमोडीला जोर धरता येत नाही आणि हळू वाढणाऱ्या झाडांना सवड मिळते. खोडावर आळंबी आणि शेवाळ आहे. सालीच्या एका भेगेत, कुजलेल्या चिमूटभर भुशात, जांभळाचं दोन पानांचं रोप उभं आहे. आणि आडव्या फांद्यांच्या जंजाळामुळे गुरं आत शिरत नाहीत. एवढं फुकटचं कुंपण कोण घालून देणार?

जेसीबी घातलेली खालच्या अंगाची जागा मात्र आपली आपण भरून येईल असं वाटत नाही. तिथे दोन पावसाळे एक राखणदार ठेवायचा आहे. रानमोडी दिवाळीनंतर फुलोऱ्यावर येण्याआधी मुळासकट उपटायची आहे, आणि ती हातानेच. यंत्र पुन्हा आत नेणार नाही. रोपं राईतल्याच बियांची करायची आहेत. रानजायफळाची बी वाळली की मेली, डब्यात भरून ठेवता येत नाही. फळ फुटलं की उचलायची आणि ओल्या गोणपाटातून त्याच दिवशी पिशवीत लावायची. मुलांनो, सुट्टीत हे काम तुमचं.

आपल्याच दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. आमच्या राईला तसा कागद नाही, त्यामुळे खर्च गावानेच उचलायचा आहे. राखणदाराची एका दिवसाची मजुरी, एवढीच देणगी एका घराकडून मागतो. जास्त दिलीत तर नको म्हणणार नाही. पैसे जमत नसतील तर मिरगाआधी एक दिवस कोयता घेऊन या, जेवण देवळात आहे. रोख देणाऱ्यांनी मानकऱ्यांकडून पावती घ्यावी.

एक विनंती. गुलमोहराची आणि अकेशियाची रोपं कृपया पाठवू नका. मागे टेम्पोभर आली होती. ती परत पाठवताना देणाऱ्यांचं मन दुखावलं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

देणगीदारांची नावं देवळातल्या वहीत लिहिली जातील. झाडावर पाटी ठोकली जाणार नाही.