उपाशी पोटी धावू नकोस

कोल्हापूर,
बुधवार

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू मध्येच फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. म्हणून सांगायचे ते लिहूनच कळवतो. बाहेर खाऊ नकोस असे मी म्हणालो नव्हतो. शनिवारी संध्याकाळी तुमच्या न्यूयॉर्कातल्या वुडसाइडला फिलिपिनो जेवण जेवायचे म्हणून शुक्रवारी रात्रीपासून तू उपाशी राहिलीस, तशीच सकाळी फ्लशिंग मेडोजच्या बागेत धावायला गेलीस आणि 1964 च्या जागतिक प्रदर्शनातल्या त्या पोलादी पृथ्वीगोलापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, हे तू हसत सांगितलेस. मला हसू आले नाही, एवढेच.

तुम्हा मैत्रिणींचा बेत मला मनापासून आवडला आहे. सात नंबरच्या मेट्रो गाडीचे एकेक स्टेशन धरायचे आणि तिथल्या लोकांचे जेवण जेवायचे, हे आम्हाला तुझ्या वयात सुचले नसते. जॅक्सन हाइट्सच्या तिबेटी थेंथुकचे, म्हणजे त्या शेवयांच्या सूपचे, आणि रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर, डोक्यावरून गाडी धडधडत असताना खाल्लेल्या कोलंबियन अरेपाचे फोटो आई वाड्यातल्या सगळ्यांना दाखवते. अरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरीच, असे तिचे मत आहे. सिनिगांग या चिंचेच्या आंबट फिलिपिनो सूपचा फोटोही दाखवला, मात्र त्यात डुकराचे मांस असते हे आत्याला सांगितलेले नाही.

क्रीडादिनाच्या सकाळी हमखास जिचे पोट दुखायचे, ती मुलगी आता सलग 8 मिनिटे धावते, हे मी बँकेतल्या जुन्या मंडळींना दोनदा सांगितले. तुझा धावायला शिकण्याचा नऊ आठवड्यांचा कार्यक्रमही वाचला. जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने 1996 मध्ये पन्नाशी उलटलेल्या आपल्या आईसाठी तो आखला, म्हणूनच पहिल्या आठवड्यात 60 सेकंद धावणे आणि 90 सेकंद चालणे इतका तो नवशिक्याला जपतो. पण पाचव्या आठवड्याच्या अखेरीस एकदम 20 मिनिटे न थांबता धावायचे असते, आणि तो दिवस तुझा येत्या शनिवारी आहे. त्या दिवशी तरी पोट रिकामे नसावे.

आमच्या तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी आखाडा खणायला लावत. ताक, हळद, तेल, लिंबू घातलेली ती लाल माती खणतानाच हातांना फोड येत, आणि चार बैठका जास्त मारल्या तर शाबासकीऐवजी शिवी मिळे. जोर-बैठका झाल्या की पहिला प्रश्न खुराकाचा असे. ज्याच्या घरी बदाम परवडत नसत, त्याला वस्ताद स्वतः गंगावेशीत नेऊन म्हशीचे धारोष्ण दूध पाजत आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभे राहत. मेहनत केली म्हणून खायचे, हा हिशोब आम्हाला कळत होता. खाल्ले म्हणून दंड भरल्यासारखे धावायचे, आणि पुढे खायचे आहे म्हणून आधीच उपास काढायचा, हा तुमचा हिशोब मला कळत नाही. जेवण हा गुन्हा आहे का?

भाषण झाले, क्षमा कर. आजीच्या पायाचे जे झाले ते तू पाहिले आहेस, आणि आपल्या लोकांना अंगावर फारसे वजन नसतानाही साखर गाठते म्हणूनच मी धावते, हे तुझे म्हणणे मला पटते. दादाला तू हे सांगितलेस तर तोही सकाळी उठेल; माझे तो ऐकत नाही. शनिवारचे जेवण भरपेट जेव, तळलेलेही खा, पण शुक्रवारी रात्री साधा वरणभात आणि धावण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एखादे केळे, एवढे माझ्यासाठी कर.

कुलकर्ण्यांचा मुलगा वीस तारखेला निघतो आहे; त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि मेतकूट पाठवतो. शनिवारी धावून झाल्यावर फोन कर. तुझे सकाळचे 8 म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच, मी घरीच असेन. आधी काय खाल्लेस ते मी विचारणार नाही, आई विचारेल.

तुझा,
बाबा